मुठीवरचं कुंकू

"मूठ आत असली तं गाडी मोकळी, मूठ बाहेर असली तं गाडी बांधलेली. उभी कराची असन तवा मूठ बाहेर ओढून ठेवजा. नुसत्या गिअरच्या भरवशावर राहू नका."

श्रावण मिस्त्रीचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे. आमच्या अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत तो यांना सांगत होता आणि मी तुळशीपाशी उभी राहून ऐकत होते. हे "हो, हो" म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मनातल्या मनात मीही हो म्हटलं. आणि तरी तासाभरानं जे झालं ते झालंच, आणि ते माझ्या अंगठ्यानं झालं. म्हणून लिहायचं कामही मीच अंगावर घेतलं.

आधी गाडीचं सांगते. माझे यजमान भगवंतराव अमरावतीच्या कोर्टात वकिली करतात. आमचं घर राजापेठेत. शेंदूरजनाघाटला गोवर्धनशेठ म्हणून यांचे एक पक्षकार होते, संत्र्यांचे मोठे बागाईतदार. त्यांच्याकडे आठ सिलिंडरची एक अमेरिकन गाडी होती, मोरपंखी रंगाची, म्हशीसारखी रुंद. तिच्यामागे ट्रॉली लावून ते बागेतून संत्र्याच्या पेट्या काढत. चिखलातून, नाल्यातून ओझं ओढता यावं म्हणून त्यांनी गाडीचे मागचे, चाकं फिरवणारे दाते बदलून घेतले होते. पुढं त्यांनी जीप घेतली आणि ही गाडी आमच्या दारात आली. गल्लीतले लोक तिला हत्ती म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. ती काहीही ओढू शकत होती. फक्त पळू शकत नव्हती. तीस मैलांच्या पुढं गेलं की इंजिन असं ओरडे की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि दहा-बारा मैलांत पाणी उकळून झाकणातून वाफ निघे. गावातल्या गावात कोर्टात जायला ती ठीक होती. यांना तिचा अभिमानही होता. मला तिच्याशी काही कर्तव्य नव्हतं, रमाताईचे डोळे जाईपर्यंत.

रमाताई माझी थोरली बहीण. ती अकोल्याला जुन्या शहरात राहते. आमचे वडील भिक्षुकी करत. त्यांनी स्वतः रचलेल्या बावन्न कहाण्या एका पोथीत लिहून ठेवल्या होत्या, वर्षाच्या प्रत्येक रविवारची एक. लिहिल्या मोडीत, आणि अक्षर असं बारीक आणि तिरकं की ते फक्त आम्हा दोघी बहिणींना लागतं, कारण त्यांच्या मांडीवर बसून आम्ही तेच गिरवलं होतं. ताईची मुलं बाळबोध शिकलेली. पोथी त्यांच्या हातात दिली तर ती उलटी धरली की सुलटी हेही त्यांना कळत नसे. वडील गेल्यापासून वीस वर्षं ताईनं एकही रविवार चुकवला नव्हता. चौरंगावर पोथी, दोन फुलं, एक कहाणी, मग जेवण.

त्या वर्षी, म्हणजे एकोणसाठ साली, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येणार नाही, वर्षभर थांबा. दिवाळीत मी भेटायला गेले तेव्हा ती पोथीच्या पानावरून बोटं फिरवत बसली होती, जणू अक्षर उठून हाताला लागेल. मी तिला म्हटलं, "ताई, तुझे डोळे येईपर्यंत दर रविवारी मी येऊन वाचीन." ती म्हणाली, "कुंदे, तुझ्या वातीचं काय?"

माझ्या वातीचं असं की, अकरा वर्षांपूर्वी यांना विषमज्वर झाला होता. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला अंबादेवीपुढे माझ्या हातची एक वात, असा माझा नेम आहे. अडचणीचे चार दिवस सोडले तर तो चुकलेला नाही. अकोल्याला आगगाडीनं जाता येतं, पण परतीची गाडी बडनेऱ्याला पोचेपर्यंत देवळातले दिवे लागून गेलेले असत. दिवाळीतली ती भेटही मी अडचणीच्या दिवसांतच उरकली होती. तेव्हा एक तर ताईचा रविवार, नाही तर माझी वात. मी घाईनं शब्द देऊन बसले होते आणि दोन्ही कसं जमवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

यांना सांगितलं, तर हे म्हणाले, एवढंच ना, हत्ती आहे की. साठ मैल म्हणजे काय.

त्या रविवारी पूजा आटोपून आम्ही आठला निघालो. बडनेऱ्यापुढं एकदा पाणी उकळलं. लोणीच्या जवळ दुसऱ्यांदा. मूर्तिजापूरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि इंजिनातून अशी वाफ येत होती की पोरं बघायला जमली. हे घड्याळाकडे बघत होते, मी सूर्याकडे. पुढं गेलो असतो तर ताई भेटली असती आणि वात चुकली असती. आम्ही परत फिरलो. वात लावली, आणि देवीपुढे मी काय म्हणाले ते तिला माहीत.

तीन दिवसांनी ताईच्या मुलाच्या हातचं कार्ड आलं. "आई सांगते ते लिहितो. कुंदे, चौरंगावरची फुलं दिवे लागल्यावर काढली. गाडी बिघडली असेल, तू जीव बिघडवू नको. बत्तिसावी कहाणी तशीच आहे."

ते कार्ड मी यांच्या कोटाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोर्टातून येताना हे श्रावणला घेऊन आले.

श्रावणचं गॅरेज आमच्या घरापासून चार मिनिटांवर. लढाईच्या काळात तो लष्कराच्या वर्कशॉपात होता, आसाम-ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यानं धम्मदीक्षा घेतली. गॅरेजात हत्यारांच्या फळीवर बुद्धाची तसबीर असते आणि तिच्यावर कधी तेलाचा डाग दिसत नाही. माणूस कमी बोलणारा. त्यानं गाडी बडनेऱ्याच्या रस्त्यावर दोन मैल नेली, बॉनेट उघडलं सुद्धा नाही, नुसता ऐकत राहिला. परत आल्यावर म्हणाला, "साहेब, गाडीले काही झालं नाई. ताकद रगड हाय. पन ते सारी ओझं ओढाची हाय. चाकाचा एक फेरा व्हाले इंजिन बिचारं किती फेरे घेऊन राहिलं. थकन नाई तं काय."

हे म्हणाले, मग मागचे दाते पूर्वीचे घाल. तो म्हणाला, ते दाते आता मुंबईतही मिळत नाहीत. पण दुसरी एक वस्तू आहे. अकोल्याच्या भंगारात एक उलटलेली अमेरिकन गाडी त्यानं पाहिली होती, तिच्या गिअरपेटीमागे एक जोडपेटी होती, ओव्हरड्राइव्ह. तिसऱ्या गिअरच्याही वरचा गिअर म्हणा. गाडीनं वेग धरला की ती चाकांना तेवढीच पळवते आणि इंजिनाला हळू चालू देते. ती आपल्या गाडीला नव्यानं जोडायची.

"जमेल का?" यांनी विचारलं.

"जमवाव लागन," श्रावण म्हणाला.

तो स्वतः एस.टी.नं अकोल्याला गेला आणि ती पेटी पोत्यात गुंडाळून, तान्हं मूल घ्यावं तशी मांडीवर घेऊन आला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, यात काय आहे. हा म्हणाला, वकीलसाहेबाच्या हत्तीचा काळजाचा तुकडा. कंडक्टरनं पुन्हा विचारलं नाही.

काम आमच्याच अंगणात झालं, कारण यांना बघायचं होतं. गाडी लाकडी ओंडक्यांवर चढली. मी रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढते. पहिल्या दिवशी श्रावण आला, रांगोळी गाडीच्या अगदी पुढ्यात होती, आणि तो सरपटत गाडीखाली जायचं सोडून तसाच उभा राहिला. मग मीच खाली बसून ती हातानं पुसली आणि दोन हात अलीकडे दुसरी काढली. आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून कोनाड्यात एक वेगळा कप असे, बाहेरच्या कामकऱ्यांसाठी. पहिल्या दिवशी सवयीनं मी त्यातच चहा दिला. श्रावणनं कपाकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, आणि मला आता चहा नको, नुकताच घेतला, असं म्हणून गाडीखाली गेला. दिवसभर तो कप माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी तो कप मी फोडून टाकला आणि यांच्यासारख्याच कपबशीत चहा नेला. तो प्यायला. बशी परत देताना म्हणाला, "वहिनी, आलं चांगलं पडलं." एवढंच.

पुढं जे काय केलं त्यातलं मला समजलं तेवढं सांगते. गिअरपेटीच्या मागं ती जोडपेटी बसली, त्यामुळं चाकांकडे जाणारा लांब दांडा तेवढा लांबीला जास्त झाला. तो कापून आखूड करायला श्रावणनं जिनिंगच्या कारखान्यात नेला, तिथं सरकी काढायच्या यंत्रांसाठी मोठं लेथ आहे. दांडा परत आला तेव्हा त्याच्या खाचेत कापूस अडकलेला होता. मग विजेची तार, एक खटका, आणि स्टिअरिंगच्या खाली, अंधारात, एक काळी मूठ. पेटीबरोबर एक फाटका इंग्रजी कागदही मिळाला होता. तो वाचायचं काम यांच्याकडे. यांनी तो कायद्यासारखा वाचला. कागदात म्हटलंय तसं तेलाचं एकच छिद्र धरायचं, असा यांचा अर्थ. श्रावण म्हणे, गिअरपेटीचं तेल वेगळं आणि जोडपेटीचं वेगळं, एकीत ओतलेलं दुसरीत जात नाही. दोघांचा अर्धा तास वाद झाला. शेवटी कागद उलटला तर मागच्या बाजूला श्रावण म्हणत होता तेच छापलेलं निघालं. हे म्हणाले, ती बाजू मला दाखवण्यात आली नव्हती.

मधला एक रविवार तसाच गेला. त्यापुढच्या शुक्रवारी गाडी ओंडक्यांवरून उतरली आणि आम्ही तिघं रस्त्यावर गेलो. हे चालवायला, श्रावण शेजारी, मी मागं. बडनेऱ्याचं फाटक ओलांडलं. श्रावणनं मूठ आत ढकलली. काटा तिसाच्या पुढं गेला आणि इंजिन नेहमीसारखं ओरडायला लागलं. श्रावण म्हणाला, "आता पाय उचला. घाबरू नका. उचला अन् पुन्हा ठेवा."

यांनी पाय उचलला. खालून कुठून तरी बारीक तुक् असा आवाज आला. पाय पुन्हा ठेवला आणि इंजिन खाली बसलं. आरती संपली की झांजा एकदम थांबतात आणि मग समईची वात जळतानाही ऐकू येईल असं वाटतं, तसं झालं. काटा पंचेचाळिसावर, पन्नासावर. दोन्ही बाजूंनी कपाशी मागं पळत होती आणि गाडीत मला यांचं बोलणं ऐकू येत होतं. या गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा. हे म्हणत होते की सकाळच्या वरणात मीठ कमी होतं.

लोणीपर्यंत गेलो आणि आलो. पाणी उकळलं नाही. झाकणाला श्रावणनं हात लावून पाहिला आणि तो हसला. मी घरी येऊन पदर खोचला आणि ताईला कार्ड लिहिलं, स्वतः टपालपेटीत टाकलं. रविवारी दहा वाजता येते. फुलं तोडून ठेव.

आता शनिवार. श्रावणनं सकाळी येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळले, दोन्ही तेलं पाहिली, आणि मी आरंभी लिहिलं ते मुठीचं सांगितलं. एरवी गाडी गिअरमध्ये घालून उभी केली की इंजिन तिला धरून ठेवतं. पण मूठ आत असली की ते धरणं सुटतं, उतार असेल तिकडे गाडी चालू लागते. आमच्या गाडीचा हातब्रेक तर नावालाच होता. एवढं समजावून तो जिनिंगमधून आणलेली साखळी परत करायला गेला. जाताना यांनी त्याला विचारलं, पूजा आहे, थांबतोस का, नारळ तू फोड. तो म्हणाला, "माहं ते राह्यलं नाई आता, साहेब. तुमी करा मनासारखं. चांगल्या मनानं केलं म्हंजे झालं."

आमची गल्ली घरासमोरून खाली उतरत जाते. शेवटाला देवमन ढेपवाल्याचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान, त्याच्या सरकीच्या पोत्यांची थप्पी थेट रस्त्यापर्यंत आलेली. यांनी गाडी दाराबाहेर आणली, तोंड उताराकडे. श्रावणनं सांगितल्याप्रमाणं मूठ बाहेर, पहिला गिअर, पुढच्या चाकाखाली दगड. सगळं यथास्थित. मी ताट घेऊन बाहेर आले. बॉनेटला कुंकवाची पाच बोटं लावली, दारांना लावली, आरशाला एक बोट लावलं. मग वाटलं, ज्या वस्तूमुळं ताईचा रविवार होणार ती तर राहिलीच. मी आत वाकले, स्टिअरिंगखाली हात घातला आणि त्या मुठीला ओलं कुंकू लावलं. अक्षता ठरेनात. गोल, गुळगुळीत मूठ, त्यात अंधार. तेव्हा अक्षता टिकाव्यात म्हणून मी अंगठ्यानं चांगल्या दाबल्या. देवाच्या टाकाला दाबतो तशा.

तेवढ्यात यांनी काय केलं, तर चाकाखाली लिंबं ठेवायची म्हणून दगड काढला.

मी दार लावलं. हे नारळ घेऊन समोर उभे राहणार, तोच गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. लिंबावरून गेली तेव्हा फक्त फच् असं झालं. आम्ही दोघं बघतच राहिलो. मग हे धावले, हातात नारळ तसाच उंच धरून, जणू तो दाखवला की गाडी थांबेल. गल्लीतली एक शेळी बाजूला झाली. गाडी शांतपणे खाली गेली आणि देवमनच्या सरकीच्या पोत्यांत नाक खुपसून उभी राहिली, म्हैस आंबोणावर जाते तशी.

कुणाला लागलं नाही, देवीची कृपा. दोन पोती फुटली आणि एका दिव्याची कडी वाकली. देवमन दुकानात चहा पीत बसला होता. तो कपासकट बाहेर आला, गाडीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, ढेप पायजे होती तं मानूस पाठवाचा. गाडी काहून पाठवली?"

गल्ली हसली. तिथंच यांचा पारा चढला. अर्धी राजापेठ गोळा झाली होती आणि तिच्यातले निम्मे यांचे पक्षकार. श्रावणला बोलावणं गेलं. तो साखळी टाकून धावत आला. हे सगळ्यांसमोर त्याला म्हणाले की मूठ बाहेर होती, गिअर घातलेला होता, तरी गाडी सुटली, म्हणजे तुझ्या जोडकामातच खोट आहे. असल्या पेटीची गाडी बायकोला घेऊन जायच्या लायकीची नाही. आत्ताच्या आत्ता काढ, जुनी होती तशी करून दे.

श्रावण दार उघडून आत वाकला. मी त्याच्या मागं दोन पावलांवर होते. त्याची मान मुठीपाशी थांबली. मग त्यानं खिशातलं फडकं काढलं, पण पुसलं काही नाही, फडकं परत खिशात ठेवलं. बाहेर येऊन म्हणाला, "काढतो, साहेब. उताराचं मी पाहाले पायजे होतं. चूक माही."

मी माझा अंगठा पाहिला. लाल होता आणि त्याला तांदळाचा एक दाणा चिकटलेला होता.

खरं सांगायचं तर एक क्षण मला गप्प बसावंसं वाटलं. चारचौघांत, पुरुषांच्या गर्दीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण गप्प बसले असते तर ती पेटी त्याच दिवशी निघाली असती. ताई उद्या दहा वाजता फुलं घेऊन चौरंगापुढे बसली असती. आणि जो माणूस मांडीवर लोखंड घेऊन अकोल्याहून आला, त्याच्या हातकामाला राजापेठेत कायमची नावं ठेवली गेली असती. वातीपुढे उभी राहून मी मग काय म्हटलं असतं?

"मूठ मी आत ढकलली," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाजच तेवढा. देवमनला तेवढं कळलं की मी काहीतरी बोलले. तो सगळ्यांना म्हणाला, थांबा, वहिनी काही सांगून राहिल्या. मग एकदम सगळी गल्ली चूप झाली आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी कोपऱ्यावरच्या शिंप्यालासुद्धा ऐकू गेलं.

"मूठ मी आत ढकलली. कुंकू लावताना. अक्षता दाबल्या." आणि मी अंगठा पुढं केला. पुरावा म्हणून.

यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. आत वाकून मुठीकडे पाहिलं. ती पार आत गेलेली होती, वर कुंकू आणि चार तांदूळ. बाहेर आले तेव्हा यांचा चेहरा कोर्टात उलटतपासणी अंगावर आल्यावर होतो तसा झाला होता.

"दगड मी काढला," हे म्हणाले.

"मंग दोन आरोपी झाले," देवमन म्हणाला. "अन् मिस्त्री सुटले."

यावर पहिल्यांदा हेच हसले. मग श्रावणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की मी तुला सगळ्यांदेखत बोललो, म्हणून सगळ्यांदेखतच सांगतो, काम चोख आहे, चूक आमची. आणि नारळ तिथंच, सरकीच्या पोत्यांपुढं फोडला. पहिला तुकडा देवमनला. सांडलेली सरकी आम्ही दोघांनी खाली बसून भरली. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, यांना सुपानं काही भरताना मी तेव्हाच पाहिलं.

दुपारी चहाच्या वेळी मी श्रावणला विचारलं, तुम्हाला मूठ दिसली होती, मग बोलला का नाहीत?

तो म्हणाला, "तुमच्या पूजेवर चारचौघांत बोट ठेवाव, ते मले बरं नाई वाटलं. अन् पेटी काढाले तीन दिवस लागते, वहिनी. साहेबाचा राग उतराले एक. मी सावकाश काढली असती."

"आणि उद्याचा रविवार?"

त्यानं कप बशीत ठेवला. म्हणाला, "तेच मनाले लागून राह्यलं होतं."

मग त्यानं मला गाडीत पुढं बसवलं. मी आयुष्यात पुढं बसले नव्हते. म्हणाला, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, मूठ शेजारच्यानं सांभाळावी. साहेब विसरतील, तुम्ही नेम विसरत नाही. आत ढकलायची ती मोकळा रस्ता लागला की. बाहेर ओढायची ती गाव दिसलं की, उतार दिसला की, आणि थांबायच्या आधी. ओढताना हाताला खट् असं लागलं पाहिजे. नाही लागलं तर ती आलेली नाही. त्यानं माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. दहाव्या वेळी हे पायरीवरून म्हणाले की बाराव्या कलमाप्रमाणे आता ही मूठ तुझ्या ताब्यात. तसं कुठलंही कलम नाही, हे मला ठाऊक आहे.

रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. सडा, रांगोळी, तुळशीला पाणी, एक प्रदक्षिणा जास्त. संध्याकाळची वात वळून चांदीच्या डबीत ठेवली आणि डबी देवाजवळ ठेवली, की परत आलं की हातात घ्यायची आणि निघायचं. बरोबर घ्यायला फारसं काही नव्हतं. पोथी ताईकडेच होती. मी माझा चष्मा घेतला, पुसला, घरात घालून पाहिला.

उजाडत होतं. गाडी दारात उभी होती, चाकाखाली दगड. खाली पाहिलं तर देवमननं सगळी पोती दुकानाच्या आत रचून ठेवलेली होती. हे गाडीत बसले. मी वाकून आधी मूठ पाहिली. बाहेर होती. मग दगड काढला, तो पायाशी ठेवला आणि पुढं बसले. यांनी गाडी सुरू केली आणि हलकेच उतारावरून खाली उतरवली. श्रावणच्या गॅरेजापाशी तो दातण करत उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही, चाकांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

नाका गेला. रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना वेचणीची कपाशी, पांढरी. यांनी नुसतं "हं" म्हटलं. मी पदराला अंगठा पुसला आणि मूठ आत ढकलली.